परदेशातील सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया : प्रस्थानापूर्वीचा विचार

(ग्रामस्थ, शिक्षक व शासकीय कर्मचारी यांच्यासाठी योजिलेल्या आरोग्यविषयक व्याख्यानाचा मजकूर)



इ. स. १७९४ च्या ऑक्टोबर महिन्यात लंडनच्या ‘जंटलमन्स मॅगझिन’ या मासिकात पुण्याकडील एक वृत्तांत प्रसिद्ध झाला. इंग्रजी फौजेबरोबर असलेला कावसजी नावाचा एक गाडीवान १७९२ च्या युद्धात टिपू सुलतानाच्या हाती सापडला. तेथे त्याचे नाक व एक हात छाटण्यात आला. सुमारे वर्षभर तो बिननाकाने वावरला. पुढे पुण्यानजीकच्या एका कारागिराने मेणाचा पत्रा घेऊन नाकाचा आकार बेतला, तो कपाळावर ठेवून त्याभोवती रेघ आखली आणि तेवढी कातडी सोडवून, दोन डोळ्यांमधील एक पट्टी शाबूत ठेवून, ती खाली वळविली. अशा रीतीने कावसजीला नवे नाक मिळाले. हा वृत्तांत अभ्यासून जोसेफ कार्प्यू या इंग्रज शल्यचिकित्सकांनी १८१४ साली तीच शस्त्रक्रिया लंडनमध्ये केली आणि तेथून ती युरोपभर पसरली. तुटलेले नाक व कानाची पाळी पुन्हा घडविण्याचे वर्णन सुश्रुतसंहितेत त्याहून कितीतरी आधीचे आहे. आज ज्या विद्येला प्लास्टिक सर्जरी म्हणतात, तिची एक वाट पुण्यावरून गेलेली आहे, ही मराठी माणसाने अभिमान बाळगावा अशी गोष्ट होय.

परंतु त्या वृत्तांतातील एका तपशिलाकडे सहसा कोणाचे लक्ष जात नाही. कातडी जागेवर बसविल्यावर पाण्यात कालवलेल्या काताचा लेप दिलेल्या कापडाच्या पट्ट्या तीवर ठेवीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेले कापड ठेवीत. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजवीत आणि डोळ्यांमधील ती पट्टी सुमारे पंचविसाव्या दिवशी कापीत. कापण्याचे काम थोड्या वेळात संपत असे. त्यानंतर मात्र रुग्ण जवळजवळ महिनाभर त्या कारागिराच्या नजरेखाली असे. शस्त्रक्रियेचे यश त्या महिन्यावर अवलंबून होते. दोनशेहून अधिक वर्षांनंतर साधने पालटली, भूल आली, जंतुनाशके आली. तरीही जखम भरून येण्याला लागणारा काळ आणि त्या काळातील देखरेख यांना पर्याय निघालेला नाही. परदेशी जाऊन सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया करून घेऊ इच्छिणाऱ्यांनी सर्वप्रथम याचाच विचार करावयास हवा. ज्याने शस्त्रक्रिया केली तो एका देशात आणि जखम दुसऱ्या देशात, अशी स्थिती त्या प्रवासात हटकून निर्माण होते.

गरज आणि हौस

प्लास्टिक सर्जरीच्या दोन शाखा आहेत. दुभंगलेला ओठ जोडणे, भाजलेल्या अंगाची आखडलेली कातडी मोकळी करणे, अपघातात वा कर्करोगाच्या उपचारात गेलेला अवयव पुन्हा घडविणे, ही पुनर्रचनेची शाखा. निरोगी शरीराचा घाट बदलणे, म्हणजे नाक सरळ करणे, पोटाची किंवा मांडीची चरबी काढणे, पापण्या उचलणे, टकलावर केस लावणे, ही सौंदर्यवर्धनाची शाखा. पहिलीसाठी परदेशी जाण्याचे सामान्यतः कारण नाही. बांबोळीच्या गोवा वैद्यकीय महाविद्यालयात या विद्येचा स्वतंत्र विभाग आहे. मुंबई-पुण्यासारख्या शहरांतून तर ती दीर्घकाळ रुजलेली आहे. दुसऱ्या शाखेत कोणी हसण्यासारखेही काही नाही. आपण बरे दिसावे ही इच्छा माणसाइतकीच जुनी आहे. केवळ एवढे ध्यानी ठेवावे की, आजारी माणूस धोका पत्करतो तो मोठा धोका टाळण्यासाठी. निरोगी माणूस शस्त्रक्रियेच्या मेजावर चढतो, तेव्हा तेथील प्रत्येक धोका नव्यानेच पत्करलेला असतो. म्हणून त्याची चौकशी अधिक काटेकोर असावयास हवी.

हा विषय गोमंतकीयांना परका नाही. येथील कित्येक घरांतील माणसे आखातात, बोटीवर, पोर्तुगालात किंवा इंग्लंडात नोकरी करतात. तुर्कस्तानातील इस्तंबूल शहर केशरोपणासाठी जगभर प्रसिद्धी पावले आहे. थायलंड व दक्षिण कोरिया हे देशही अशा शस्त्रक्रियांसाठी ओळखले जातात. विमानभाडे, हॉटेल, द्विभाषी, विमानतळावरून ने-आण आणि शस्त्रक्रिया असे सारे एकाच रकमेत देऊ करणाऱ्या जाहिराती हातातल्या मोबाइलवर येतात. सुट्टी पंधरा दिवसांची असते. त्यातले चार दिवस तिकडे आणि उरलेले घरी, असा हिशेब सहज सुचतो. मग शस्त्रक्रिया एका देशी, नोकरी दुसऱ्या देशी आणि आजारपण गावी, असा प्रकार होतो. तिन्ही ठिकाणच्या डॉक्टरांपैकी संपूर्ण हकीकत एकालाही ठाऊक नसते.

शस्त्र कोणाच्या हाती?

पहिली चौकशी करावयाची ती इमारतीची नव्हे, माणसाची. रुग्णालयाचे संगमरवरी दालन छायाचित्रात दिसते. शस्त्र धरणारा हात दिसत नाही. अनेक देशांत ‘कॉस्मेटिक सर्जन’ या नावाला कायद्याने निश्चित असा अर्थ नव्हता आणि कित्येक ठिकाणी तो आजही नाही. शस्त्रक्रियेचे विशेष शिक्षण न घेतलेला डॉक्टरही ते नाव लावू शकत असे. ऑस्ट्रेलियाने २०२३ साली कायदा दुरुस्त करून ‘सर्जन’ या नावाच्या वापरावर निर्बंध घातला, तो याच अनुभवातून. भारतात प्लास्टिक सर्जरीतील पूर्ण शिक्षण झालेल्या डॉक्टराच्या नावापुढे बहुधा एम. सीएच. किंवा त्या विषयातील डी. एन. बी. ही पदवी आढळते आणि त्याची नोंदणी वैद्यकीय परिषदेत पडताळता येते. ज्या देशात जावयाचे, तेथील नोंदणी कोठे पडताळता येते, हे आधी शोधून काढावे. डॉक्टराचे संपूर्ण नाव व नोंदणी क्रमांक देण्यास जे रुग्णालय टाळाटाळ करते, तेथे पुढील चौकशीची आवश्यकताच उरत नाही.

नाव कळले तरी शस्त्रक्रिया त्याच व्यक्तीच्या हातून होईल याची खात्री करून घ्यावी लागते. दक्षिण कोरियात २०१६ साली जबड्याच्या शस्त्रक्रियेसाठी गेलेल्या एका विद्यार्थ्याचा अतिरक्तस्रावाने मृत्यू झाला. शस्त्रक्रियागृहातील कॅमेऱ्याच्या चित्रणात असे दिसून आले की, डॉक्टर एकाच वेळी अनेक रुग्णांकडे ये-जा करीत होते आणि रक्त थोपविण्याचे काम साहाय्यकांवर सोपविलेले होते. त्या मुलाच्या आईने ते चित्रण पुनःपुन्हा पाहून पुरावा गोळा केला आणि वर्षानुवर्षे पाठपुरावा केला. परिणामी, संबंधित डॉक्टरांना न्यायालयात उत्तर द्यावे लागले. रुग्णाला पूर्ण भूल देऊन शस्त्रक्रिया केली जाते अशा शस्त्रक्रियागृहांत कॅमेरे बसविण्याची सक्ती करणारा कायदा त्या देशाने २०२१ साली संमत केला; सप्टेंबर २०२३ पासून तो अमलात आला. ज्या देशात अशा शस्त्रक्रियांचा एवढा विकास झाला, तेथील नागरिकांनाही हे संरक्षण झगडून मिळवावे लागले. भाषा न जाणणाऱ्या परक्या माणसाने किती सावध असावे, हे यावरून समजावे.

केशरोपणाविषयी समज असा की, त्यात कापाकापी फारशी नाही, म्हणून धोकाही नाही. वस्तुतः तीही शस्त्रक्रियाच होय. हजारो मुळे एक-एक करून काढावयाची व रोवावयाची असतात. तासन् तास चालणारे हे काम अनेक ठिकाणी डॉक्टराऐवजी केवळ तंत्रसाहाय्यक करतात. डोक्याच्या मागील भागातील केसांचा साठा मर्यादित असतो. एकदा तो उधळला गेला की, दुसऱ्या वेळी दुरुस्तीलाही केस उरत नाहीत. भारतात राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाने २०२२ साली काढलेल्या सूचनांत स्पष्ट म्हटले आहे की, केशरोपण शस्त्रक्रियेचे रीतसर शिक्षण घेतलेल्या नोंदणीकृत डॉक्टरानेच करावे. कार्यशाळेत वा चित्रफितीवर पाहून शिकणे पुरेसे नाही. परदेशी गेल्यावर ही कसोटी सोडून द्यावयाची, असे काही नाही.

रक्ताची गुठळी आणि विमानप्रवास

शस्त्रक्रियेनंतर शरीरात रक्त गोठण्याची प्रवृत्ती वाढते. त्यात माणूस निजून राहिला किंवा विमानाच्या अरुंद आसनावर कित्येक तास पाय लोंबकळत बसला, तर पोटरीतील शिरेत गुठळी धरते. ती सुटून फुप्फुसात गेली तर क्षणार्धात प्राणावर बेतते. याकरिता चेहरा, नाक, पापण्या किंवा चरबी काढण्याच्या शस्त्रक्रियेनंतर सात ते दहा दिवस आणि पोटाच्या वा छातीच्या शस्त्रक्रियेनंतर किमान दहा दिवस विमानप्रवास टाळावा, असा सल्ला अमेरिकेतील आरोग्ययंत्रणा देतात. ‘चौथ्या दिवशी परत’ अशी जाहिरात वाचताना हा आकडा जवळ ठेवावा. परतीचे तिकीट शस्त्रक्रियेच्या यशापूर्वीच काढलेले असते आणि मग ताप असो वा सूज असो, माणूस त्या तारखेला विमानात बसतो.

चरबीची शस्त्रक्रिया सर्वांत सौम्य समजली जाते. अनुभव तसा नाही. एका जागची चरबी काढून ती नितंबांत भरण्याच्या शस्त्रक्रियेत चरबी खोलवर मांसात टोचली गेली तर ती तेथील मोठ्या शिरांत शिरून हृदयात व फुप्फुसांत पोहोचते. २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका आंतरराष्ट्रीय पाहणीत या शस्त्रक्रियेतील मृत्यूचे प्रमाण सुमारे तीन हजारांत एक असे अंदाजिले गेले. निरोगी माणसाने हौसेखातर करून घ्यावयाच्या शस्त्रक्रियेच्या मानाने ते फार मोठे आहे. कॅरिबियन समुद्रातील डोमिनिकन प्रजासत्ताकात अशा शस्त्रक्रियांसाठी जाणाऱ्या अमेरिकन नागरिकांची नोंद अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने तपासली. २००९ ते २०२२ या काळात ९३ मृत्यू आढळले. आरंभीच्या दहा वर्षांत वर्षाला सरासरी चार, तर २०१९ पासूनच्या चार वर्षांत सरासरी तेरा. ज्यांचे कागद तपासता आले, त्यांतील निम्म्याहून अधिक मृत्यूंचे कारण चरबी किंवा रक्ताची गुठळी फुप्फुसात जाणे हे होते. खर्च वाचविण्यासाठी एकाच बैठकीत दोन-तीन शस्त्रक्रिया उरकून घेण्याचा मोह अशा वेळी विशेष घातक ठरतो.

उशिरा उमटणारा संसर्ग

काही जंतू अंगात शिरल्यावर आठवडेच्या आठवडे गप्प राहतात. पाण्यात व मातीत राहणारी, क्षयाच्या जंतूच्या कुळातील एक जात आहे. अस्वच्छ उपकरणांतून किंवा दूषित पाण्यातून ती जखमेत जाते. टाके निघतात, जखम भरल्यासारखी दिसते, माणूस घरी परततो. आणि महिना-दोन महिन्यांनी त्या जागी गाठी येतात, पू वाहू लागतो. नेहमीच्या औषधांनी तो थांबत नाही. पुन्हा चिरफाड आणि कित्येक महिने अनेक औषधे, असा उपचार करावा लागतो. २०१३-१४ साली डोमिनिकन प्रजासत्ताकातून शस्त्रक्रिया करून परतलेल्या अमेरिकन महिलांत हा संसर्ग आढळला होता.

त्याहून भयंकर प्रकार २०२३ साली मेक्सिकोतील मातामोरोस या सीमेवरील शहरात घडला. चरबी काढण्यासारख्या शस्त्रक्रियांच्या वेळी पाठीच्या कण्यात जी भूल दिली जाते, तिच्या वाटे एका बुरशीचा शिरकाव झाला आणि रुग्णांना मेंदूच्या आवरणाचा दाह जडला. दोन दवाखाने त्या वर्षीच्या मे महिन्यात बंद करण्यात आले. तोवर रुग्ण आपापल्या गावी पोहोचले होते. आरंभी केवळ डोकेदुखी. ती साधी समजून अंगावर काढली गेली आणि अनेकांना प्राण गमवावे लागले. आरोग्यखात्याला एकेका रुग्णाचा घरोघर शोध घ्यावा लागला.

यातून घ्यावयाचा बोध सोपा आहे. परदेशी शस्त्रक्रिया करून आलेल्या माणसाला पुढील काही महिन्यांत ताप, न थांबणारी डोकेदुखी, जखमेतून पाणी वा पू, एका पायाची सूज किंवा धाप, यांपैकी काहीही झाले तर त्याने विलंब न लावता डॉक्टरकडे जावे, आणि ‘अमक्या तारखेस अमक्या देशात ही शस्त्रक्रिया झाली’ हे स्पष्ट सांगावे. आपल्याकडे माणूस लाजेने हीच गोष्ट दडवितो. घरच्यांनाही ‘सहलीला गेलो होतो’ असे सांगितलेले असते. डॉक्टर मग दुसऱ्याच रोगाचा माग काढीत बसतो आणि मोलाचे दिवस निघून जातात.

कागदपत्रांचे महत्त्व

परतताना खरेदीच्या पिशव्यांपेक्षा एक कागदी पाकीट अधिक मोलाचे असते. त्यात शस्त्रक्रियेचा सविस्तर वृत्तांत, दिलेली भूल, दिलेली औषधे, डॉक्टराचे नाव व नोंदणी क्रमांक आणि शरीरात काही वस्तू बसविली असल्यास तिच्या उत्पादकाचे नाव व क्रमांक असावयास हवेत. ही शेवटची बाब किती महत्त्वाची आहे, हे फ्रान्समधील पी. आय. पी. या कारखान्याच्या प्रकरणावरून ध्यानी येते. छातीत बसविण्याच्या पिशव्यांत त्याने उद्योगधंद्यात वापरले जाणारे हलके सिलिकॉन भरल्याचे २०१० साली उघडकीस आले. तोवर जगातील लक्षावधी स्त्रियांच्या शरीरात त्या पिशव्या गेलेल्या होत्या. ज्यांच्याजवळ कागद होता, त्यांना आपल्या शरीरात काय आहे ते कळले. ज्यांच्याजवळ नव्हता, त्यांच्या वाट्याला नुसती धास्ती आली. कागदपत्रे इंग्रजीत मागून घ्यावीत. ती शस्त्रक्रियेपूर्वी कबूल करून घ्यावीत, नंतर मिळतीलच असे नाही.

पैसा, विमा आणि दाद

स्वस्त पडते म्हणून जाणाऱ्याने पूर्ण हिशेब मांडावा. जाहिरातीतील रक्कम ही सर्व काही सुरळीत झाले तर लागणारी रक्कम असते. गुंतागुंत झाल्यास वाढणारा मुक्काम, सोबतच्या माणसाचा खर्च, बुडालेली रजा आणि घरी आल्यावरची दुरुस्ती हे सारे त्यात मिळविले, तर नाकापेक्षा मोती जड व्हावयास वेळ लागत नाही. भारतातील आरोग्यविमा सौंदर्यवर्धक शस्त्रक्रियेचा खर्च देत नाही. अपघात, भाजणे, कर्करोग किंवा वैद्यकीय गरज यांतून उद्भवलेली पुनर्रचना तेवढी अपवाद आहे. प्रवासविमाही ठरवून घेतलेल्या उपचारासाठी सहसा नसतो. पॉलिसीतील बारीक अक्षरे निघण्यापूर्वी वाचून घ्यावीत.

दाद मागण्याचा प्रश्न याहून अवघड आहे. सर्वोच्च न्यायालयाने १९९५ साली दिलेल्या निर्णयानुसार भारतात मोबदला घेऊन दिलेली वैद्यकीय सेवा ग्राहक कायद्याच्या कक्षेत येते. पणजी वा पुण्याच्या रुग्णालयाविरुद्ध रुग्णाला ग्राहक आयोगाकडे जाता येते. परदेशातील रुग्णालयाविरुद्ध मात्र त्या देशाच्या कायद्यानुसार, त्या देशाच्या भाषेत, तेथील वकील लावून भांडावे लागते. मध्यस्थ संस्था बहुधा ‘आम्ही केवळ प्रवासाची व्यवस्था केली’ असे म्हणून मोकळी होते. म्हणून पैसे कोणाला दिले, पावती कोणाच्या नावे आहे आणि दोष राहिल्यास दुरुस्ती कोणी व कोणाच्या खर्चाने करावयाची, हे लेखी घ्यावे.

विचाराला अवधी

मध्यस्थ घाई करतो. ‘आजच नोंदणी केल्यास सवलत’ हे वाक्य भांड्यांच्या विक्रीत चालेल. शस्त्रक्रियेत ते धोक्याची खूण समजावे. फ्रान्समध्ये खर्चाचा तपशील हाती दिल्यापासून पंधरा दिवस उलटल्याखेरीज सौंदर्यवर्धक शस्त्रक्रिया करता येत नाही, असा नियमच आहे. ब्रिटनच्या वैद्यकीय परिषदेनेही २०१६ पासून रुग्णाला विचारास पुरेसा अवधी देणे डॉक्टरांना बंधनकारक केले आहे. आपल्या माणसांनी हा नियम स्वतःलाच लावून घ्यावा. त्या अवधीत एक प्रश्न मनाशी प्रामाणिकपणे सोडवावा : ही शस्त्रक्रिया कोणासाठी? लग्न जुळावे म्हणून मुलीवर कोणी दडपण आणीत असेल, किंवा आरशासमोर तासन् तास उभे राहूनही आपल्या रूपाचे समाधान होत नसेल, तर दुखणे नाकात नाही, हे ओळखावे. अशा मनाला शस्त्राने आराम पडत नाही. तेथे मानसोपचारतज्ज्ञाचा सल्ला उपयोगी पडतो.

निघण्यापूर्वी

एवढा विचार करूनही जावयाचे ठरले, तर पुढील तयारी अवश्य करावी. प्रथम येथील डॉक्टराकडून रक्तदाब, मधुमेह, हृदय व रक्त यांची तपासणी करून घ्यावी आणि चालू औषधांची यादी जवळ ठेवावी. रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या किंवा संततिनियमनाच्या गोळ्या चालू असल्यास त्या स्वतःच्या मनाने बंद न करता डॉक्टरांना विचाराव्यात. धूम्रपान व तंबाखू किमान चार आठवडे आधी सोडावी. तंबाखूने रक्तवाहिन्या आकसतात व जखम भरत नाही. ज्या डॉक्टराकडून शस्त्रक्रिया होणार त्याच्याशी, मध्यस्थाशी नव्हे, प्रत्यक्ष बोलावे. संमतिपत्र आपल्याला समजणाऱ्या भाषेत मागावे आणि ते शस्त्रक्रियागृहाच्या दारात सही करण्यासाठी ठेवू नये. एकट्याने जाऊ नये. परतीचे तिकीट तारीख पुढे ढकलता येईल असे काढावे. सर्वांत महत्त्वाचे म्हणजे, परतल्यावर जखम पाहण्यास व टाके काढण्यास कोणता डॉक्टर तयार आहे, हे त्याला भेटून, आधी ठरवून घ्यावे. असा डॉक्टर मिळत नसेल, तर तूर्त प्रवास थांबविणे शहाणपणाचे.

शिक्षक व पंचायतीतील कार्यकर्ते यांचे काम येथे मोठे आहे. गावातील तरुण अशा बेताविषयी प्रथम बोलतो तो घरच्यांशी नव्हे; एखाद्या मित्राशी किंवा विश्वासाच्या गुरुजींशी बोलतो. त्याची थट्टा झाली, तर तो गुपचूप जातो आणि गुपचूपच आजारी पडतो. त्याचे ऐकून घेऊन, त्याला आरोग्यकेंद्रातील डॉक्टराकडे नेऊन, परतल्यावर देखरेख कोण करणार एवढा एक प्रश्न जरी त्याच्यापुढे ठेवला, तरी पुष्कळ काम होईल. परतून आलेल्याच्या घरी जाऊन ‘ताप नाही ना, पाय सुजला नाही ना’ अशी विचारपूस करावी. अशा चौकशीने वेळीच एखादा जीव वाचू शकेल.